शेंग कुणाची, पाला कुणाचा : प्रस्तावना

डिसेंबर उजाडला की बंगळूरच्या पीण्यात दुपारची शिफ्ट सुटताना कारखान्यांच्या फाटकांबाहेर हातगाड्या लागतात. त्यांवर हिरव्या शेंगांचे ढीग असतात. ही अवरेकाई, म्हणजे आपला वाल किंवा पावटा. गारमेंटच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बायका गाडीशी थांबतात, एक शेंग उचलतात, अंगठ्याने चोळतात आणि बोट नाकाशी नेतात. भाव नंतर विचारतात. शेंगेच्या सालीवरचा तेलकट चिकटपणा बोटाला लागला आणि त्याला तो उग्र, थोडा रानटी वास आला तरच पुढचा व्यवहार. या वासाला कन्नडमध्ये ‘सोगडु’ म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही. आमच्याकडे रायगडात पोपटीचं मडकं उघडल्यावर भांबुर्डीच्या पाल्यातून जो पहिला वाफारा येतो त्यात तो असतो, पण आम्ही त्याला नाव न देता जेवायला बसतो.

तासाभराने त्याच रस्त्यावर दुसरं गिऱ्हाईक येतं. सोललेल्या शेंगांची टरफलं गाडीखाली साचलेली असतात आणि दासरहळ्ळीच्या गोठ्यांतल्या गाई ती शांतपणे संपवतात. त्या सोगडु बघतात की नाही, मला माहीत नाही. पण एकाच झाडाचे दोन खाणारे आणि त्यांच्या दोन वेगळ्या आवडी मी पहिल्यांदा शेजारी शेजारी पाहिल्या त्या या रस्त्यावर. या पुस्तकाचा विषय, वैरणीच्या द्विदल पिकात उत्पादन आणि प्रत एका पिढीतून दुसरीत कशी उतरते, हा मी विद्यापीठात शिकले. तो प्रश्न म्हणून मला भेटला मात्र पीण्यात.

पीण्याला मी राहिले ती केवळ सोयीसाठी. दादा तिथल्या एका टूलरूममध्ये होता आणि मी हेब्बाळला, कृषी विद्यापीठात. गोरगुंटेपाळ्याहून बाहेरच्या रिंगरोडची बस पकडली की पोचता यायचं, म्हणून दोघांनी दासरहळ्ळीत खोली घेतली. १९७०च्या दशकात गावांच्या शिवारावर ही औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि लेथ, प्रेस, ग्राइंडिंग, प्लेटिंग अशा लहान लहान शेडनी ती इतकी भरली की नवख्या माणसाला रस्ता ऐकून सापडतो, कुठे ठोकण्याचा आवाज, कुठे घासण्याचा. संध्याकाळी जेवताना दादा मायक्रॉनचं बोलायचा आणि मी झाडांचं. एकदा त्याने विचारलं, “तुझ्या शेतात रिजेक्शन किती टक्के?” मी म्हटलं, “शंभरातली दोनतीन झाडं ठेवते, बाकी सगळी रिजेक्ट.” त्याचा घास हातातच राहिला. “अगं, मग तो कारखाना बंद का नाही करत?”

याचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. ते उत्तर म्हणजेच हे पुस्तक, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आधी पिकाची ओळख. वाल, पावटा, कडवे वाल, वालपापडी, घेवड्याच्या नावाखाली विकले जाणारे काही प्रकार आणि कर्नाटकातली अवरे ही सगळी एकाच जातीची भावंडं आहेत. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव लॅबलॅब पर्प्युरियस. गुणसूत्रं बावीस. झाड मुख्यतः स्वतःच्याच परागावर फळतं, अधूनमधून भोकऱ्या भुंगा येऊन शेजारच्याचं परागण उरकून जातो तेवढंच. शेतातली अवरे आणि मांडवावरची वालपापडी यांत ढोबळ फरक असा की पहिलीचे दाणे खायचे, दुसरीची अख्खी शेंग. सोगडुचा मान पहिलीचा.

हे मूळचं आफ्रिकेतलं झाड. पण ते इतकं आधी इकडे आलं की परकं म्हणवत नाही. दक्षिण भारतातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या थरांत, त्याचे जळके दाणे मिळाले आहेत. २०२३ साली आफ्रिकेतल्या आणि बाहेरच्या शास्त्रज्ञांनी मिळून त्याचा गुणसूत्रांपर्यंत जुळवलेला जनुकसंच ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून हेही पक्कं झालं की माणसाने हे झाड एकदा नव्हे, दोनदा वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळवलं, एकदा शेंगेत चार दाणे असणाऱ्या रानटी वंशातून आणि एकदा दोन दाण्यांच्या. बंगळूरच्या नावाशीही ते जोडलं जातं. होयसळ राजा वीरबल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे दिले, म्हणून ‘बेंद काळ ऊरु’, उकडलेल्या दाण्यांचं गाव. गोष्ट गोड आहे, पण बेगूरच्या नवव्या शतकातल्या वीरगळावर बंगळूरचं नाव आधीच कोरलेलं आहे, आणि वीरबल्लाळ त्यानंतर तीनेकशे वर्षांनी जन्मला. म्हातारीने दाणे दिलेही असतील. गावाला नाव मात्र त्याआधीच होतं.

या पट्ट्यात अवरे एकटी क्वचितच पेरली जाते. नाचणीच्या काही ओळी, मग तिची एक ओळ, ही इथली ‘अक्कडी’ पद्धत. नाचणी माणसाला, नाचणीचा पेंढा बैलाला. अवरेची शेंग बाजाराला, दाणा घराला, आणि वेल व पाला पुन्हा गोठ्याला. हे पीक वैरणीचं की माणसाचं, असा प्रश्न ज्या शेतकऱ्याला विचारावा तो तुमच्याकडे बघत राहतो. वैरणीचं म्हणून त्याला वेगळं काढलं ते ऑस्ट्रेलियाने. केनियातल्या रोंगाई भागातून नेलेला वाण तिथे १९६२ साली ‘रोंगाई’ याच नावाने प्रसारित झाला. पांढरी फुलं, तपकिरी बी, उशिरा फुलणारा आणि तोवर ढीगभर पाला देणारा. अकरा वर्षांनी, १९७३ मध्ये, ‘हायवर्थ’ आला. जांभळी फुलं, काळं बी, लवकर फुलणारा. त्याचं मूळ दक्षिण भारतातलं. म्हणजे आपल्या नाचणीच्या ओळीतला वाल क्वीन्सलंडच्या गुरांसाठी वैरण झाला, आणि आपण त्याला अजून भाजीच्या पाटीत शोधतो.

माझ्या सगळ्या मांडणीची गोम या दोन वाणांतल्या एका फरकात आहे. फुलायचं कधी?

गावठी अवरेला दिवस लहान व्हावे लागतात. जूनमध्ये पेरा, जुलैत पेरा, ती वेलच वाढवत बसते आणि हिवाळ्याच्या तोंडावर फुलते. बंगळूर विषुववृत्तापासून तेरा अंशांवर आहे. इथला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम दीड तासाचा फरक. माणसाला तो जाणवतही नाही, पण झाड तो मोजतं. नेमकं सांगायचं तर ते दिवस नाही, रात्र मोजतं. १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं की फुलणं दिनमानावर ठरतं, तोवर फुलण्याचं श्रेय थंडीला, पावसाला, नक्षत्रांना जात होतं. हेब्बाळच्या विद्यापीठाने हे दिनमानाचं बंधन तोडलेले वाण काढले. ‘हेब्बाळ अवरे ३’ आणि पुढे ‘हेब्बाळ अवरे ४’ हे बुटके, झुडपी, ठरावीक उंचीला थांबणारे आणि वर्षात कधीही पेरले तरी आपल्या ठरल्या दिवसांत फुलणारे आहेत. शहराला बारमाही शेंग मिळाली ती त्यांच्यामुळे. शेतकऱ्याला जमीन लवकर मोकळी मिळाली. पैदासकाराच्या दृष्टीने ही मोठीच कामगिरी.

पण गोठ्यातून पाहा. चार महिने वेल वाढवणारं झाड म्हणजे चार महिन्यांचा पाला. फुलण्याची घाई म्हणजे पाल्याला लागलेली कात्री. बंधन पाळणं आणि न पाळणं यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत पाळणारेच दिसतात, कारण तो गुण प्रभावी आहे, न पाळण्याचा दबून राहतो आणि नातवंडांत डोकं वर काढतो. बंधन पाळणारा हा जनुक चांगला की वाईट? हिरवी शेंग विकणाऱ्याला वाईट, दूध घालणाऱ्याला चांगला. दोघे बहुधा एकाच घरात राहतात, कधी कधी तो एकच माणूस असतो. आनुवंशिकतेच्या पाठ्यपुस्तकांत ‘इष्ट गुण’ हा शब्द सहज वापरतात. इष्ट कुणाला, हे मी प्रत्येक प्रकरणात विचारलं आहे, आणि त्यामुळे काही जागी पुस्तक लांबलं आहे. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

आता दादाच्या प्रश्नाकडे. त्याच्या कामाचा पाया असा की नकाशात माप दिलेलं असतं, आणि जॉब त्या मापाच्या अमुक मायक्रॉन इकडेतिकडे असला पाहिजे. गेजच्या एका टोकातून गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. गेला की पास, नाही तर भंगाराच्या पेटीत. मेंडेलच्या वाटाण्यांत काहीसं असंच होतं. जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याला ९२९ झाडं मिळाली, त्यांतली ७०५ जांभळी, २२४ पांढरी. तिनास एक. मधलं फूल नाही. वालातही जांभळं फूल पांढऱ्यावर असंच भारी पडतं. शाळेत आपण एवढंच शिकतो आणि आनुवंशिकता समजली असं मानून पुढे जातो.

वजनाला असं काही लागू पडत नाही. एका झाडाचा पाला चारशे ग्रॅम, शेजारच्याचा साडेचारशे, पलीकडच्याचा तीनशे ऐंशी. जांभळं-पांढरं असे दोन ढीग पडतच नाहीत. मेंडेलचं काम १९०० साली पुन्हा उजेडात आलं तेव्हा शास्त्रज्ञांचे दोन तट पडले. एक म्हणे, खरा वारसा असा सलगच असतो, वाटाण्याची फुलं हा अपवाद. दुसरा म्हणे, सलग फरक हे फक्त माती-पाण्याचे, ते वारशात धरूच नका. या भांडणाला पहिला सुरुंग एका डेन्मार्कच्या माणसाने लावला, तोही शेंगदाण्याच्या, म्हणजे शेंगेतल्या दाण्याच्या जोरावर. विल्हेल्म योहान्सनने घेवड्याच्या एकोणीस शुद्ध ओळी वेगळ्या काढल्या, प्रत्येक ओळ एकाच दाण्यापासूनची. मग प्रत्येक ओळीतले सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलके दाणे निवडून वेगळे पेरले. जडाची संतती जड निघावी ना? नाही निघाली. एकाच ओळीतल्या जडाची आणि हलक्याची संतती सारख्याच सरासरीवर येऊन थांबली. ओळी-ओळींतला फरक मात्र पिढ्यान् पिढ्या टिकला. हे १९०३ साली. दाणा जड दिसणं वेगळं आणि त्याच्या पोटात जडपणाचा वारसा असणं वेगळं, हा भेद तिथून सुरू झाला. ‘जीन’ हा शब्दही योहान्सनचाच, १९०९ चा.

उरलेलं काम रोनाल्ड फिशरने १९१८ साली एका लेखात केलं. मेंडेलचेच घटक, पण एका गुणामागे एकदोन नव्हे, पुष्कळ, प्रत्येकाचा परिणाम थोडा. असे अनेक थोडे थोडे एकत्र आले की ढीग न पडता सलग रांग लागते. त्याच लेखात त्याने ‘व्हेरिअन्स’ हा शब्द रुजवला आणि एकूण तफावतीची फोड करून दाखवली, इतकी वारशाची, इतकी परिस्थितीची. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेला आणि तिथल्या शेतांवर त्याने प्रयोगांची आखणी बसवली. ब्लॉक, प्लॉट, पुनरावृत्ती, चिठ्ठ्या टाकून वाटणी, सगळं तिथलं.

एका रविवारी दादा कंपनीच्या ट्रेनिंगची फाइल घेऊन आला. कटिंग स्पीड, फीड आणि कूलंट यांचा पृष्ठभागावर काय परिणाम होतो ते तपासायची पद्धत. पहिल्याच पानावर ‘ब्लॉक’ आणि ‘स्प्लिट-प्लॉट’. मी हसायला लागले. म्हटलं, दादा, हे आमचे वाफे. तुमच्या मशीनला शेतकऱ्याचे शब्द शिकवताहेत. त्याला ते पटायला वेळ लागला, कारण त्याच्या मनात शेती ही अंदाजपंचे आणि कारखाना हा मोजून मापून. वस्तुस्थिती अशी की कारखान्यात तफावत हा शत्रू असल्याने तिला मारण्याची विद्या वाढली, आणि शेतात तफावत हेच भांडवल असल्याने तिला वाचण्याची विद्या आधी जन्मली. सगळी झाडं दादाच्या जॉबसारखी एकसारखी निघाली तर पैदासकाराने घरी जावं. निवडायलाच काही उरत नाही.

या विद्येत मराठी माणसांचा वाटा आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसावर काम करणारे विनायक गोविंद पानसे हे परिमाणात्मक गुणांच्या वारशाचं गणित पैदासकाराच्या निवडीला लावणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग सुखात्मे हे नमुना पाहणीचे जगन्मान्य पंडित. दोघांनी मिळून लिहिलेलं, कृषी संशोधकांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींचं इंग्रजी पुस्तक १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढलं. देशातल्या कुठल्याही कृषी विद्यापीठात ‘पानसे-सुखात्मे’ म्हटलं की पुस्तकाचं नाव घ्यावं लागत नाही. हेब्बाळच्या ग्रंथालयातली प्रत इतकी हाताळलेली होती की तिची पानं पुठ्ठ्यापासून सुटली होती. कन्नड आणि तेलुगू मित्र मला विचारायचे, ही तुमच्याकडची नावं ना? मी हो म्हणायचे, आणि मनात म्हणायचे, आमच्याकडे त्यांचं या विषयावरचं एक पान मराठीत नाही.

वारसाक्षमता हा शब्द पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल, म्हणून इथेच खुंटी ठोकून ठेवते. समजा, एका शेतातल्या झाडांचा सरासरी पाला १०० ग्रॅम. आपण १४० ग्रॅम सरासरीची झाडं निवडली. त्यांच्या संततीची सरासरी १४० आली तर वारसा पुरा उतरला. १०० आली तर निवडीचा जोर फुकट, जास्तीचे चाळीस ग्रॅम खताचे, ओलीचे, शेजारचं झाड मेल्याने मिळालेल्या उन्हाचे होते. ११० आली तर चाळिसांतले दहा उतरले, म्हणजे पाव. वारसाक्षमता ०.२५. एवढंच. हा आकडा झाडाचा गुणधर्म नव्हे, त्या शेतातल्या त्या गर्दीचा आहे. दुसऱ्या शेतात, दुसऱ्या वर्षी तो बदलतो, हे ध्यानात न ठेवल्याने पुष्कळ प्रबंध वाया गेले आहेत. फुलायला लागणारे दिवस आणि दाण्याचा आकार यांचा आकडा सहसा चढा निघतो, एकूण उत्पादनाचा उतरता. आणि निवड तर उत्पादनासाठीच करायची असते. पैदासकाराचं दुखणं हे.

आता ‘प्रत’ या शब्दाकडे, कारण खरा गुंता तिथे आहे. वैरणीची प्रत म्हणजे काय, हे गाईला विचारता येत नाही, म्हणून आपण काही गोष्टी मोजतो. पाल्याचं देठाशी प्रमाण. प्रथिनं. तंतू किती आणि पचतात किती. नको असलेली द्रव्यं किती. वालाच्या पानांत सुक्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं असतात, देठात त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे झाड उंच आणि जाड करत नेलं की वजन वाढतं, पण वाढलेलं वजन बहुतेक देठाचं असतं आणि प्रथिनांची टक्केवारी घसरते. समजा एका वाणाने १०० किलो सुकी वैरण दिली, १८ टक्के प्रथिनांची. हाती आली १८ किलो प्रथिनं. दुसऱ्या वाणाने १३० किलो दिली, १४ टक्क्यांची. प्रथिनं १८ किलो २०० ग्रॅम. कागदावर दुसरा वाण तीस टक्क्यांनी सरस. गोठ्यात काय घडलं? बाईने तीस किलो ओझं जास्त वाहिलं आणि गाईच्या पोटात गेली तेवढीच प्रथिनं. खरं तर तेवढीही नाहीत, कारण गाईच्या पोटाला मर्यादा आहे, देठाळ वैरणीने ते आधी भरतं आणि ती गव्हाणीपासून तोंड फिरवते. उत्पादनाची स्पर्धा जिंकलेला वाण गव्हाणीत उरलेल्या देठांच्या ढिगाने हरतो.

उत्पादन आणि प्रत यांचं हे उलटं नातं रक्ताचं आहे की शेजाराचं? एकच जनुक दोन्हींवर काम करत असेल तर ते तोडता येत नाही, फक्त भाव ठरवता येतो. दोन वेगळे जनुक गुणसूत्रावर जवळ जवळ बसलेले असतील तर पुरेशा पिढ्या आणि पुरेशी झाडं वाढवली की कधी तरी ते सुटे होतात. शेतात उभं राहून दोन्ही सारखंच दिसतं. ते ओळखायचं कसं, यावर दोन प्रकरणं आहेत, ती वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. इतर प्रकरणं खाटेवर पडून वाचली तरी चालतील.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वैरणीचं द्विदल म्हटलं की वाल आठवणार नाही, लसूणघास आठवेल. ते साहजिक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘आरएल-८८’ पश्चिम महाराष्ट्राच्या गोठ्यांत ओळखीचा आहे. मी लसूणघासेला एक प्रकरण दिलं आहे, पण मुख्य पात्र केलं नाही, आणि कारण सरळ आहे. लसूणघासेच्या पेशीत गुणसूत्रांचे चार संच असतात, आणि ती स्वतःच्या परागावर नीट फळत नाही, तिला दुसऱ्याचा पराग लागतो. तिथे शुद्ध ओळ ही गोष्टच जमत नाही. तिचं एक झाड म्हणजे भरलेली जत्रा. वारसा पहिल्यांदा समजून घ्यायचा तर वालासारखं घरातल्या घरात लग्न लावणारं झाड बरं, जिथे आजोबा कोण हे सांगता येतं. त्यात वालाला लसूणघासेइतका पोटफुगीचा दोष नाही, हा गाईच्या बाजूचा मुद्दा.

आणि आम्ही कोकणातले. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल टाकायचे, पाणी द्यायचं नाही, दवावर पीक घ्यायचं, हे पाहत मी वाढले. दापोलीच्या विद्यापीठाने ‘कोकण वाल’ नावाने सुधारित वाण दिले, तरी अलिबागकडच्या कडव्या वालांचा तोरा उतरलेला नाही. बिरड्याला आईला तेच लागतात. मोड आणून, कोमट पाण्यात सोलून, एकेक दाणा न मोडता. दाण्याचा तो किंचित कडूपणा ज्या घटकांमुळे येतो त्यांतले काही पैदासकाराच्या यादीत ‘नको’ या खान्यात असतात. आईच्या यादीत ते ‘हवं’ या खान्यात आहेत. सोगडुचंही तसंच. शेंगेच्या सालीवरच्या ज्या तेलकट स्रावाला हा वास आहे त्यात काही स्निग्धाम्लं सापडली आहेत, वासाचा काही भाग वारशाने उतरतो हेही दिसलं आहे, पण बारमाही शेंगेला थंडीतल्या शेंगेची सर नाही ही तक्रार बंगळूरच्या बाजारात अजून ऐकू येते. मागडीकडची शेंग आली का, असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा त्याला वाण हवा असतो, की माती, की डिसेंबरचं दव? मी नाक आणि वजनकाटा दोन्ही घेऊन काही हंगाम घालवले. जे हाती लागलं ते सातव्या प्रकरणात आहे. बाजारातल्या बायकांचं नाक माझ्यापेक्षा तरबेज निघालं, हेही तिथे लिहिलं आहे.

संकर करण्याच्या कामाविषयी थोडं, कारण वाचकाला वाटतं ते प्रयोगशाळेत होतं. ते उन्हात, उकिडवं बसून, चिमट्याने होतं. आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी कळी हेरायची, पाकळी अलगद बाजूला करून पुंकेसर काढून टाकायचे, कळी झाकायची, दोरा बांधायचा. सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा. हात जरा थरथरला की कळी गळते, आणि न थरथरलेल्यांतल्याही पुष्कळ गळतात. दादाने एकदा सुट्टीत येऊन पाच कळ्या केल्या. टूलरूमचा हात, मला वाटलं पाचही लागतील. एक लागली. तिच्यात तीन दाणे.

ते तीन दाणे मी विद्यापीठाच्या वहीत नोंदवले नाहीत, घरी आणले. त्यांच्यापासून पुढे बी वाढलं. दादाने दुसऱ्या पिढीचे शंभर दाणे टेबलावर मांडून व्हर्निअरने मोजले आणि आलेखाच्या कागदावर ठिपके दिले. मधे गर्दी, दोन्ही कडांना विरळ. बराच वेळ बघून म्हणाला, “हे मशीन सेटिंगवरून गेलेलं नाही. हे असंच आहे.” योहान्सन आणि फिशर त्याने वाचले नव्हते.

त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली, जी कुठल्याच प्रकरणात बसेना म्हणून इथे लिहिते. गावठी अवरेच्या एकाच शेंगेतले दोन दाणे मी गच्चीवर तेलाच्या दोन डब्यांत लावले. एक डबा पुढच्या कठड्याशी, समोरच्या शेडच्या फ्लडलाइटखाली. दुसरा मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मागचा वेल नोव्हेंबरात फुलला, शेंगा धरल्या, पानं पिवळी पडली. पुढचा मात्र वाढतच राहिला. रात्रपाळीच्या उजेडात त्याची रात्र कधी पुरती झालीच नाही, त्यामुळे त्याच्या लेखी अजून जुलैच चालू होता. जानेवारीत त्याने कठडा, कपड्यांची दोरी आणि शेजारच्यांचा टीव्हीचा दांडा व्यापला. घरमालकाने तगादा लावला तेव्हा मी तो कापून खाली गोठ्यातल्या अज्जीला दिला. गाईने एक देठ ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी अज्जी जिना चढून वर आल्या. मागच्या डब्यातल्या वाळक्या शेंगा मी त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी त्या हातानेच बाजूला सारल्या. म्हणाल्या, हे नको, हा वेल रोडका. त्या पानवाल्या वेलाचं बी दे.